फुकटचा माल

टेंडर भरायला दुपारी चारपर्यंतच वेळ होता. आमचे कॉन्ट्रॅक्टर विजयसिंहदादा मावा चघळत माझ्या खुर्चीमागं उभे होते. मंगळवार पेठेतलं हे ऑफिस एवढंसं, त्यात त्यांच्या तोंडाचा वास.

"पूर्णिमा, मजुरी लई झालीया. गवंडी कमी कर की."

मी इस्टिमेटच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ गवंड्यांचे सात केले. मालाच्या यादीत, वाळूखाली, आपोआप एक नवी ओळ आली: दात, बत्तीस नग, दर शून्य.

मला शिसारी आली. ओळ पुसली, तर ती परत आली. गवंडी सहा केले, तर दात चौसष्ट झाले.

"दादा, हे काय आलंय बघा."

ते वाकले. मावा मिसळलेली लाळ कीबोर्डवर गळली. ती अंगठ्यानं पुसत म्हणाले, "दर शून्य हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की. फुकटचा माल हाय."

मला त्या ओळीपेक्षा या माणसाचीच जास्त किळस आली.

"अजून एक माणूस उडवला की काम आपलंच," म्हणत त्यांनी माझ्या हातातला माऊस ओढला. मजुरांच्या यादीत शेवटी 'ऑफिस स्टाफ: एक' होतं. तिथं त्यांनी शून्य टाकलं.

यादीत दात शहाण्णव झाले.

मी ओरडायला गेले, तर जिभेला नुसत्या हिरड्या लागल्या.