वाट चुकलेली गोळी

प्रमिलाबाई फोडणी घालत होत्या, तेवढ्यात औषधाच्या बोलक्या डबीतून मुकुंदरावांनी गिळलेल्या गोळीचा आवाज आला, "मी श्वासनलिकेत शिरलेय. विरघळणार नाही, पण त्यांना लवकर पुढे वाकवा."

गॅस बंद करून त्या नवऱ्याकडे धावल्या. मुकुंदराव जिवाच्या आकांताने खोकत होते. जुन्या काळची रक्तवाढीची लोहाची गोळी असती, तर तिथेच विरघळून तिने त्यांना आतून भाजून काढलं असतं. ही मात्र कवच मिटून बसली होती. प्रत्येक खोकल्यासरशी वर सरकायची, श्वास आत गेला की नळीला धरून राहायची. अखेर पुढे वाकवलेल्या मुकुंदरावांच्या तोंडातून ती बाईंच्या तळहातावर पडली.

"पुन्हा मान मागे टाकून वरून पाणी प्यायलात ना?"

"मग काय भांडं उष्टं करू?" मुकुंदराव कसेबसे म्हणाले.

जन्मभर त्यांच्या उष्ट्या ताटात जेवलेल्या प्रमिलाबाईंनी भांड्यातून एक घोट घेतला आणि ते त्यांच्यापुढे धरलं. "झालं आता उष्टं. मान खाली घाला नि ओठ लावा."

मुकुंदरावांनी नवी गोळी जिभेवर ठेवली आणि भांड्याला ओठ लावले.

"पोटात पोचले," डबीतून आवाज आला.

तरी मुकुंदराव भांडं ओठांपासून काढेनात.