वाघाचा शेवटचा डोळा

चीनमधल्या शान्शीतल्या गावात फेंगलान म्हातारी वाघतोंडी बाळजोडे शिवत होती. धाकटी लेक ही कला मोबाइलवरून जगाला थेट दाखवत होती. "आई, गप्प नको बसूस, लोक बघताहेत!" "मग त्यांना चहा पाज!" जोडे थोरलीच्या बाळासाठी होते. थोरली बाळंतपणात गेली, तेव्हापासून बाळ तापानं सुकत चाललं होतं. वाघाचे डोळे शेवटी शिवतात. ते उघडले, की मेलेलं माणूस बाळाजवळ फिरकत नाही. एकच डोळा उरला होता, तेवढ्यात लेकीनं मोबाइलवर आलेला संदेश वाचला, "'आई, तो शिवू नकोस. मी बाळाला भेटू कशी?'" ती पांढरीफटक पडली. "ताईच्या मोबाइलवरून आलंय. तो तर आपण तिच्यासोबत पुरलाय!" म्हातारीनं मोबाइलकडे पाहिलं. "पोरी, तुझी माया त्याला सोसवत नाही गं," म्हणत तिनं डोळ्याचा शेवटचा टाका ओढला. पाळण्यातलं बाळ रिकाम्या भिंतीकडे हात पसरून रडू लागलं.