अळणी सार

“सार अळणी आहे,” मेष्ट्र्यांनी जाहीर केलं, आणि रथोत्सवाच्या पंगतीतले सगळे हात केळीच्या पानांवर थबकले.

निवृत्त हेडमास्तर माधव उपाध्य म्हणजे गुड्डेमनेच्या देवळाची जीभ. सारा गाव त्यांना मेष्ट्रे म्हणे. पुढच्या रथोत्सवाचा स्वयंपाक कोणाकडे, हे त्यांच्या पहिल्या भुरक्यावर ठरे. शेजारचे ऐताळ आत्तापर्यंत मिटक्या मारत होते. त्यांनी पुन्हा एक भुरका मारला, डोळे मिटले आणि म्हणाले, “हो की! नुसतं पाणी.” बघता बघता त्यांच्यापलीकडची अख्खी ओळ अळणी झाली.

मेष्ट्र्यांना यात नवल वाटलं नाही. दोन महिने घरचं लोणचंसुद्धा त्यांना मिळमिळीत लागत होतं. आधी बायकोचा हात गेला, मग बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्याचा, आता देवळाचाही. एकूण जगाचीच चव उतरत चालली होती, आणि ते ओळखणारा माणूस एकटाच उरला होता.

स्वतःच्या तोंडाची काळजी मात्र ते चोख घेत. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तेव्हा दातांच्या डॉक्टर श्रुताबाईंनी हिरड्या साफ केल्या, गुलाबी औषधाची बाटली दिली आणि दोनच आठवडे चूळ भरा म्हणून बजावलं. पुढेही बरंच काही सांगितलं, ते मेष्ट्र्यांनी ऐकलं नाही. सातवीला त्यांच्याच हातून गणितात नापास झालेली पोर त्यांना दिवस मोजून देणार! सध्या चौथी बाटली चालू होती. दात पिंगट दिसू लागले होते, पण तो दोष त्यांनी आरशाला देऊन टाकला होता.

“अडिगांना बोलवा.”

नरसिंह अडिग पंचाने घाम पुसत आले. बावीस वर्षं हा स्वयंपाक त्यांच्याकडे होता आणि घर त्याच्यावरच चाललं होतं.

“नैवेद्याआधी चाखायचं नाही, मान्य,” मेष्ट्रे म्हणाले. “पण नंतर? देवाने मुकाट्यानं गिळलं म्हणून आम्हीही गिळायचं?”

“नैवेद्यानंतरही आधी पंगत, मग आम्ही,” अडिग म्हणाले. “मीठ मुठीनं पडतं, मेष्ट्रे. बावीस वर्षं तीच मूठ आहे.”

“मूठ!” मेष्ट्रे ओळीकडे बघून हसले. ओळही हसली. “गेल्या वर्षीचं सार आठवतंय का कुणाला? त्याला म्हणायचं हात! तोच हा माणूस, आणि वर्षभरात ही दशा. जीभ मेली की स्वयंपाक्यानं पळी खाली ठेवावी. हेब्बार, पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा.”

देवळाचे अध्यक्ष हेब्बार यांनी मान डोलावली. स्वतःचं मत बनवण्याची तसदी त्यांनी कधीच घेतली नव्हती.

अडिग हलले नाहीत. ते मेष्ट्र्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

“मेष्ट्रे, जरा हसा बघू पुन्हा.”

“काय?” मेष्ट्रे ओरडले, आणि तेवढ्यात सगळ्यांना ते दिसलं. सुपारी खाणाऱ्यांना जन्मभर नावं ठेवणाऱ्या तोंडात कात लावल्यासारखे तपकिरी दात.

“गुलाबी चूळ ना? श्रुताबाईंची?” अडिगांनी विचारलं. “दोन आठवड्यांवर नेऊ नका. दात असे होतात आणि मीठ लागेनासं होतं. सोडली की येतं परत.”

ऐताळांनी हळूच आणखी एक भुरका मारला. आता त्यात मीठ होतं.

“पळीवाले कधीपासून दातांचे डॉक्टर झाले?” मेष्ट्र्यांनी ओठ जवळजवळ न उघडता विचारलं. “तुम्हाला काय ठाऊक त्यातलं?”

“मलाही तीच दिली होती बाईंनी, गेल्या रथोत्सवाच्या तोंडावर,” अडिग म्हणाले. “तुम्ही ज्याला हात म्हणालात ना, ते सार केलं त्या दिवशी मला समुद्रसुद्धा अळणी लागला असता.”