खाली ठेवलेला पेला

ब्रिगेडियरसाहेबांनी कॉफीचा पेला ओठांना लावलाच नाही. गालिच्यावर आपल्या गुडघ्यापुढे ठेवून दिला. पाहुण्यानं पेला खाली ठेवला म्हणजे त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि यजमान "प्या, दिलं" म्हणेपर्यंत तो घोट घेत नाही, हे मोसुलमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं.

यजमान हाजी मिजबिल मात्र फुगून बसला होता. त्याच्या छातीवर नुकतंच पदक लागलं होतं, मेलेल्या मुलाचं. शलाल साधा भाजीवाला. लढाईत हातगाडीवरून जखमी शेजाऱ्यांना बाहेर काढत राहिला आणि एका संध्याकाळी कुणाच्या तरी गोळीनं गेला. तेव्हा सरकारचं काळं कुत्रंही फिरकलं नाही. आता मात्र शौर्याचा उमाळा आला होता, टीव्हीच्या कॅमेऱ्यासकट.

"माझ्या पोराला मारणारा सापडू दे, त्याला जिवंत सोडणार नाही," असं हाजी बाजारात भेटेल त्याला सांगे. तेवढ्यासाठीच तो जगत होता.

पडद्याआडून त्याची बायको म्हणाली, "ऐकलंत का, अबू शलाल, आधी विचारा काय हवंय ते. पदक द्यायला एक माणूस पुरतो. साहेबांनी टोळीतले हे चार म्हातारे सोबत कशाला आणलेत?"

"तू गप बस. शाळेला शलालचं नाव द्यायचं असेल. दारात आलेल्या माणसाची काय उलटतपासणी घेऊ?"

म्हातारे दाढ्या कुरवाळत गालातल्या गालात हसले. हाजीनं छाती आणखी पुढे काढली, पदक कॅमेऱ्यात नीट यावं म्हणून. एवढ्या मोठ्या साहेबापुढे आपण हात आखडता घेतला असं दिसू नये, याचीच त्या मूर्खाला चिंता.

"प्या, साहेब. जे मागायला आलात ते दिलं. हे चौघे साक्षीला आहेत."

ब्रिगेडियरनं एका घोटात पेला रिकामा केला. कॅमेरावाल्याला बाहेर जायची खूण केली. मग सावकाश मिशी पुसली.

"अल्ला तुमचं घर भरलेलं ठेवो, हाजी. शलालवर गोळी आमच्या चौकीवरूनच सुटली. झाडणारा माझा पुतण्या. त्याच्या केसाला धक्का लावू नका, एवढंच मागायचं होतं."