मशीनला हो

‘‘आधी बायकांना विचार गं, मग हो म्हण,’’ बचतगट उभा करणाऱ्या गोदाआत्या म्हणायच्या. तो जुना आवाज सकाळपासून शेवंताच्या कानाशी घुमत होता. पापड लाटायच्या मशीनला ती कालच परस्पर हो म्हणून आली होती.

गच्चीवर पापड वाळत होते, गटातल्या बायका सावलीला बसल्या होत्या. शेवंताला मात्र बसवेना. ओलेच पापड उलटत ती म्हणाली, ‘‘सगळ्यांची बचत घातली की मशीन दारात. बोला की गं!’’

‘‘अध्यक्षीणबाई म्हणतील तसं. आमचे हात तरी सुटतील!’’ एकजण म्हणाली. हसत हसत माना डोलल्या.

शेवंताची धाकटी जाऊ मालन तेवढी हसली नाही. आठवडाभर गिळून ठेवलेलं तिच्या ओठांवर आलं.

‘‘अक्का, तो दुकानदार आपल्या पापडांना वाकडेतिकडे म्हणून हसला, तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. मशीन तुम्हाला त्याच्या तोंडावर मारायला हवंय. रडायचं तर माझ्यापाशी रडा. पण त्या बचतीत माझ्या लेकीची नर्सिंगची फी आहे. ती मी देणार नाही.’’