दादाची वाटी

सुई भरून तयार होती. पक्ष्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर ती ट्रेमध्ये ठेवून पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसली होती. रक्त तपासणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, फोन आल्याशिवाय सुई टोचायची नाही, हा तिचा तिनंच घालून घेतलेला नियम. पण आज फोनची गरजच काय, असं तिला राहून राहून वाटत होतं. सगळं डोळ्यांसमोर तर होतं.

पिंजरा एकच, मधोमध जाळी. जाळीच्या या अंगाला वहिनी, त्या अंगाला दादा. नावं पोस्टमननं ठेवलेली. काल सकाळी तो टपालाच्या पिशवीत एक कावळी घेऊन आला. मान वाकडी, पाय आखडलेले. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा एक कावळा दवाखान्याचा उंबरा ओलांडून टुकूटुकू आत आला.

"डॉक्टर, वहिनींना उचललं तर दादा मागून पायीच निघाले की! अख्खी गल्ली चालत आले. उडायचं नाव नाही," पोस्टमन म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले होते. वहिनीच्या पायात लाल कडं घातलं, दादाच्या पायात निळं, आणि दोघांचं रक्त ताईच्या प्रयोगशाळेत गेलं.

डासाच्या डंखातून येणारा तो विषाणू एकच, पण त्याचे वाण दोन. ताईनंच त्यांना नावं पाडली होती: थोरली आणि धाकटी. धाकटी कावळ्याला लोळवायची, ग्लानी आणायची, पण पोटात चार घास जात राहिले की सोडून द्यायची. थोरलीनं मात्र आजवर एकही कावळा माघारी दिला नव्हता. तिचे शेवटचे झटके बघवत नसत, म्हणून ती कायमचं झोपवणारी सुई. "कडक ती थोरली, लाडोबा ती धाकटी. आपल्याच घरातलं आहे की," असं डॉक्टर एकदा म्हणाली, तेव्हा ताईनं आठवडाभर तिचा फोन उचलला नव्हता.

वहिनी आडवी पडून होती. स्वतःच्या वाटीला तिनं चोचसुद्धा लावलेली नव्हती. दादाची वाटी मात्र लख्ख. उकडलेल्या अंड्याचे तुकडे डॉक्टर भरून जायची, परत येऊन बघावं तर वाटी रिकामी. आणि हा आपला जाळीला अंग टेकून उभा, पिसं फुलवून, ऐटीत. कोणाला थोरली झालीय, ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

फोन वाजला.

"लाल कडं कुणाच्या पायात?" ताईनं विचारलं.

"वहिनीच्या. सुई भरून ठेवलीय. तू फक्त हो म्हण."

"हात आवर, बये! लालला धाकटी आहे. थोरली निळ्याला."

"काहीतरीच काय, ताई! निळा उभा आहे. वाटी चाटूनपुसून खातोय."

"मी पुन्हा तपासून बघितलंय. त्याच्या रक्तात विषाणू नुसता खच्चून भरलाय. तो उभा कसा, ते तूच बघ आणि मला सांग."

डॉक्टरनं दादाची वाटी भरली. फोन कानाला तसाच धरून ती खोलीबाहेर गेली आणि दाराच्या फटीतून बघू लागली.

खोली रिकामी झाल्याची दादानं खात्री करून घेतली. मग जाळीला घासत, तिच्याच आधारानं, एकेक पाऊल टाकत तो वाटीपाशी पोचला. एक तुकडा उचलला. गिळला नाही. तसाच मागे फिरला. वाटेत पाय लटपटले, तशी चोचीतला तुकडा सांभाळत तो जाळीवर रेलला, थांबला, पुन्हा निघाला. वहिनीच्या तोंडाशी पोचल्यावर त्यानं जाळीतून चोच घातली. पडल्या पडल्या तिनं आ केला.

दादा पुन्हा वाटीकडे वळला. वाटी रिकामी होईपर्यंत त्याचा स्वतःचा गळा एकदाही हलला नाही.

डॉक्टरनं फोनवर सगळं सांगितलं. ताईनं हळूच विचारलं, "सुई त्याला देणार?"

"आत्ता नाही," डॉक्टर डोळे पुसत म्हणाली. "त्याचं काम उरलंय."

तिनं वाटी पुन्हा भरली. या खेपेला ती जाळीच्या अगदी जवळ सरकवून ठेवली, त्याची तेवढीच चाल वाचावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी धडपडत पायांवर उभी राहिली. आपल्या वाटीतला घास तिनं आपल्या चोचीनं उचलला.

मग कुठे दादानं जाळी सोडली आणि मान टाकली.