काठोकाठ तेल

“आज इंजिन तुम्ही एकट्यानं तपासा, जोतिबा. मी नुसता उभा राहतो,” जयसिंग साहेब म्हणाले. बोटी तपासणारे हे साहेब नवे, येऊन आठवडाही झाला नव्हता. तेवढ्यात कुणीतरी मेल्यानं त्यांच्या कानाला लागून सांगितलं होतं, की मुळशीच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याला दिसत नाही.

खोटं कुठं होतं? वर्ष झालं, दोन्ही डोळ्यांवर पडदा आलेला. समोर माणूस आहे की खांब, ते बोलल्याशिवाय कळत नव्हतं. भाकरीचं निमित्त करून बायको, तानूबाई, रोज बोटीत बसायची आणि डावं-उजवं पुटपुटत वाट दाखवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज साहेबांनी तिलाही उतारूंबरोबर वर चढावर थांबवलं होतं. बोट गेली तर घरात बसून भिंतीशी बोलायचं, एवढंच उरणार होतं.

इंजिन काठावरच्या लाकडी घोडीवर उभं टांगलेलं होतं. जोतिबा त्याच्यापुढं उकिडवा बसला. अठरा वर्षं हाताखालचं इंजिन ते, हात कशाला चुकतोय? गिअरच्या तेलाचा वरचा स्क्रू त्यानं सरळ जाऊन पकडला आणि फिरवला. तेल लगेच बोटावर ओघळलं.

डावीकडं उभे असलेले साहेब वाकले. तेल स्वच्छ आहे, काठोकाठ आहे, उगाच लोक काहीबाही सांगतात, असं म्हणून त्यांनी बोट सोडायला सांगितलं. जोतिबाचा जीव भांड्यात पडला. सुंठीवाचून खोकला गेला होता.

स्क्रू परत लावता लावता त्याचा हात थांबला. काल सकाळी काडी बुडवली तेव्हा तेल भोकाच्या बोटभर खाली होतं. उद्या भरू म्हणून त्यानं ठेवून दिलं होतं. न भरता ते काठाला आलं कुठून?

तळाला पाणी शिरलं होतं, दुसरं काय! तेल वर तरंगतं, बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. भर पाण्यात गिअर जाम झाले, की बोट वाऱ्याच्या तोंडी. वर चढावर अकरा माणसं खोळंबली होती, दोन बायांच्या कडेवर पोरं होती. तोंड मिटून बसला तर त्याची बोट त्याच्याकडं राहत होती. मेली ही हाताची बोटं, त्यांना कशाला सगळं कळतं, असा त्याला स्वतःचाच राग आला.

“सायेब, बोट सोडता येत न्हाई,” तो म्हणाला. “त्याल आपसूक वाढत न्हाई. खाली पाणी हाय.”

साहेब चिडले. आपण डोळ्यांनी तेल बघितलंय, म्हणाले. जोतिबानं इंजिनाचं बूड चाचपलं. खालचा स्क्रू काढून त्यानं ओंजळ धरली. पातळ, गार, जरासुद्धा चिकट नाही. त्याचंच खरं झालं होतं. त्या भरात तो भीती साफ विसरला आणि डावीकडं वळून, मान वर करून त्यानं भरलेली ओंजळ पुढं केली.

“ह्ये बघा सायेब, निव्वळ पाणी. आता तरी दिसतंय का?”

“दिसतंय, बाबा,” साहेबांचा आवाज त्याच्या पाठीमागून आला.